मंगळवारची गाडी

(व्यसनमुक्ती केंद्रातली नोंदणीची खोली. आरोग्य खात्याच्या मॅडम नकाशा पसरून बसल्यात. समोर केंद्रातल्या सिस्टर.)

मॅडम : नाही सिस्टर, चूक तुमच्या रजिस्टरमध्येच आहे. हे केंद्र घाटावर आणि पेशंट सगळे घाटाखालचे. खालच्या केंद्रात बघावं, तर तिथे सगळे इथले! पत्त्यांची अदलाबदल झालीय.

सिस्टर : पत्ते बरोबर आहेत, मॅडम. माणसांचीच अदलाबदल होते.

मॅडम : म्हणजे?

सिस्टर : आपल्याच गावातल्या केंद्राची पायरी कोण चढेल? दुपारपर्यंत गावभर बोभाटा! म्हणून खालचे वर येतात, वरचे खाली जातात. दर मंगळवारी, सकाळच्या गाडीने.

मॅडम : तीन तास? त्या वळणांतून? दारू सोडताना माणसाच्या पोटात पाणी ठरत नाही.

सिस्टर : ओकत येतात. पण येतात.

मॅडम : मग माझं पत्रक त्यांच्या सोयीचंच आहे की. पुढच्या महिन्यापासून ज्याने त्याने आपल्याच भागातल्या केंद्रात जायचं. माझी सही तेवढी राहिलीय.

सिस्टर : करा सही. आणि मग दोन्ही केंद्रांना कुलपं लावा. चिटपाखरू फिरकणार नाही.

मॅडम : अहो, पण गाडीत ओळखीचे भेटतच असतील ना?

सिस्टर : भेटतात की! मी खालीच राहते, त्याच गाडीने येते. एकाच गाडीत सासरा आणि जावई. एकाच बाकावर मुख्याध्यापक आणि त्यांचा शिपाई. घाटमाथ्यावर दोन्हीकडच्या गाड्या चहाला एकत्र थांबतात. चहावाला त्या दिवशी कप अर्धेच भरतो. हात कापतात ना सगळ्यांचे. न विचारता भरतो हो, आपणहून.

मॅडम : आणि कोणी कुठे बोललं नाही?

सिस्टर : नऊ वर्षांत अवाक्षर नाही. आमच्या गावात कोणाकडे काय शिजलं ते दहा घरांना ठाऊक असतं, मॅडम. पण हे नाही.

मॅडम : अंगावर काटा आला बघा. दोन गावं मिळून एवढं सांभाळतायत, आणि मी चूक म्हणून खोडायला निघाले होते.

सिस्टर : मलासुद्धा अजून नवल वाटतं.

मॅडम : सिस्टर... माझं माहेर खालचंच. दादाचं गॅरेज आहे. दर मंगळवारी पार्ट आणायला म्हणून इकडे येतो. वहिनी म्हणते, परततो रिकाम्या हातानेच, पण हल्ली संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतो.

सिस्टर : गॅरेजं बरीच आहेत खाली.

मॅडम : नावांवर तुम्ही ही कागदाची पट्टी चिकटवलीय. उचलली तर कळेल मला.

सिस्टर : तुमचा अधिकार आहे, मॅडम. मी नाही म्हणू शकत नाही.

मॅडम : ...नको. मिटा ते रजिस्टर. आणि हे पत्रक घ्या, फाडून टाका.

सिस्टर : फाडते.

मॅडम : एक करा फक्त. मला कळलंय हे दादाला सांगू नका.

सिस्टर : कोण दादा?