स्ट्रेचरवाले येणार आहेत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या मेट्रनबाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे धाकटे बंधू आणि वहिनी, आणि ड्यूटी बदलून, विनवण्या करून, काहींनी तर नुसतीच सोडून इथे आलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, (अध्यक्षांनी शेवटचं ऐकलं नाही, असं मी धरून चालते.)

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'बाईंची शिस्त'. शिस्तीवर माझ्याआधी तिघं बोलले. चादरीच्या कोपऱ्याची घडी तिघांनीही घालून दाखवली. आता त्या चादरीवर आणखी एक घडी घालायची माझी इच्छा नाही. मी बाईंच्या खेळण्यांबद्दल बोलणार आहे.

हसलात? हसा. बाईंना सवय आहे.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. बाईंच्या क्वार्टरमध्ये, खिडकीसमोरच्या भिंतीला एक काचेचं कपाट आहे. त्यात बोटभर उंचीचे, धातूचे, जुन्या काळच्या सैन्यांतले दोनशे अठरा शिपाई आहेत. बाई ते एका कंपनीकडून मागवतात, धुतात, भिंग लावून स्वतः रंगवतात. यावरून आपल्या वॉर्डबॉय मंडळींनी त्यांचं नाव 'सेनापती' पाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सेनापती माझ्याकडे एकही नाही रे. मला आवडत नाहीत. ते नुसते हात लांब करून उभे असतात."

आणि खरंच नाही. कपाटात पाणक्या आहे, आचारी आहे, नाल ठोकणारा आहे, बिगुलवाला आहे, पायातला काटा काढत बसलेला एक आहे. सात जखमी आहेत. तलवार उपसलेला एकच, तो कंपनीच्या चुकीने आला. परत पाठवायचं बाईंच्या जिवावर आलं, म्हणून तो मागच्या रांगेत.

तर येत्या एक तारखेला बाई क्वार्टर सोडून भाऊसाहेबांकडे राहायला जाणार. त्यांनी बाईंसाठी खोली तयार केली आहे, मी जाऊन बघून आले. उजेडाची आहे, नवी गादी आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आहे. असे भाऊ सगळ्यांना मिळोत. पण कपाटाचा विषय निघाला तेव्हा भाऊसाहेब हसून म्हणाले, "ताई, मी तुला न्यायला आलोय गं. पलटण कुठे उतरवू?" वहिनी म्हणाल्या, "एखाद्या शाळेला देऊन टाका वन्सं. मुलं तरी खेळतील." दोघंही मायेनेच बोलले. आणि बाई म्हणाल्या, "बघू."

मंडळी, बाईंच्या तोंडून 'बघू' हा शब्द आपल्यापैकी कुणी ऐकला आहे? चौतीस वर्षांत? मी नाही. मला त्या एका शब्दाची भीती वाटली, म्हणून आज माझी पाच मिनिटं मी तिकडे वळवली आहेत.

मी बावीस वर्षांची होते. नोकरीचा तिसरा आठवडा. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते, मला 'पोरी' म्हणायचे. मी त्यांच्या तांब्यातलं पाणी बदलून आणेपर्यंत ते गेले. तेवढ्यात. मी राजीनामा लिहिला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, लाल पेन्सिलीने दोन चुका काढल्या आणि म्हणाल्या, "चार वाजता क्वार्टरवर ये. शुद्धलेखन सुधारून आण."

चार वाजता त्यांनी मला चहा दिला आणि एक खोकं पुढे केलं. "आजच आलंय. चौदा महिने वाट बघत होते. उघड." आत रंग न दिलेला, करड्या धातूचा पाणक्या होता. म्हणाल्या, "साच्याची पावडर असते अंगावर. कोमट पाण्यात धू, नाहीतर रंग धरत नाही. मानेखाली बोट ठेव. कोपर दुमडलंय बघ, तिथे साबण राहतो."

मी त्या बोटभर माणसाला अंघोळ घातली. आणि घालता घालता, आठवड्यात पहिल्यांदा, मोठ्याने रडले. बाईंनी उपदेश केला नाही. पाणक्याला टिपून फडक्यावर निजवला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी घोड्यांचा डॉक्टर येणार आहे. धुवायला तूच ये."

मला या नोकरीत कुणी ठेवलं, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? अजून न आलेल्या एका घोड्यांच्या डॉक्टरने! तो यायला अठरा महिने लागले. तोवर मी राजीनामा कुठे ठेवला तेच विसरले होते.

त्या कंपनीचं दर तीन महिन्यांनी एक पत्रक येतं. पुढे कोणते शिपाई निघणार, त्यांची यादी. खाली ठरलेला शब्द, 'लवकरच'. (आपल्या दोन नंबरच्या लिफ्टवर जो लिहिला आहे, तोच.) बाई यादीवर खूण करतात आणि त्याच दिवशी कपाटात जागा करतात. बाकीच्यांना सरकवून, बरोबर एका शिपायापुरती. तिथे चिठ्ठी ठेवतात. चिठ्ठीवर एकच शब्द, 'येणार'. भाऊसाहेब म्हणाले होते, "अर्धं कपाट तर रिकामंच आहे, ताई!" भाऊसाहेब, ते रिकामं नाही. ते राखलेलं आहे.

त्यातली सगळ्यांत मोठी जागा स्ट्रेचरवाल्यांची. एकोणीस वर्षं बाई कंपनीला दरवर्षी एक पत्र लिहीत होत्या. मजकूर ठरलेला: 'आपल्या सैन्यात जखमी सात आहेत. त्यांना उचलणारा एकही नाही. हे कसे?' आणि गेल्या वर्षी पत्रकात छापून आलं. स्ट्रेचर उचलणारे दोघे, वर निजलेला एक. कॉरिडॉरमध्ये पळणाऱ्याला जागच्या जागी उभं करणाऱ्या आपल्या बाई त्या दिवशी माझ्या सर्जिकल वॉर्डापर्यंत ज्या वेगाने आल्या, त्याला चालणं म्हणत नाहीत.

आम्ही दोघींनी भिंगातून फोटो बघितला. आणि बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "डोकं पुढे."

या सभागृहात निम्म्या लोकांनी आत्ता 'अरे' म्हटलं, ते मला ऐकू आलं. पाहुण्यांसाठी सांगते. सपाट जमिनीवर रोग्याला नेताना पाय पुढे, डोकं मागे. का, तर मागच्याला त्याचा चेहरा दिसला पाहिजे. श्वास, रंग, डोळे. कंपनीच्या कारागिराने पट्टे, बटणं, बुटांच्या नाड्यासुद्धा कोरल्या होत्या. पण त्या रोग्याचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता. पुढच्याची त्याच्याकडे पाठ, मागच्यासमोर नुसते पाय.

बाईंनी पत्र लिहिलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं: तुमचं बरोबर आहे, साचा नव्याने करतो, दीड वर्ष उशीर होईल. पत्र नाचवत बाई माझ्याकडे आल्या. "उशीर झाला गं! दीड वर्ष!" उशिराचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तेच पत्र भाऊसाहेबांनी वाचलं, माझ्यासमोर. म्हणाले, "अजून दीड वर्ष? अगं ताई, या वयात..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

भाऊसाहेब, मी तुमच्या बहिणीच्या हाताखालची. अर्धवट सोडलेलं काम मला बघवत नाही. पुरं करू का ते वाक्य? या वयात माणसाने काय करावं? गोळ्यांच्या वेळा सांभाळाव्यात, दांडा धरून अंघोळ करावी आणि आता फक्त एकाच गोष्टीची वाट बघावी, असंच ना? आम्ही इथे दिवसभर दुसरं काय करतो हो? 'सोमवारी टाके काढू.' 'पुढच्या महिन्यात जिना चढाल.' ज्याच्याकडे वाट बघायला काही असतं, तो ताटातलं संपवतो. हे औषधाच्या पुस्तकात नाही, पण वॉर्डातल्या कुठल्याही मावशींना विचारा.

ही खेळणी नाहीत, इतिहास आहे, कला आहे, असं काहीतरी बोलून मी बाईंची बाजू सावरणार नाही. खेळणीच आहेत. मग?

गेल्या गुरुवारी मी सही घ्यायला बाईंच्या ऑफिसात गेले. टेबलावर स्ट्रेचरवाल्यांच्या मागणीचा फॉर्म होता. नाव लिहिलेलं, नग लिहिलेले, तारीख टाकलेली. पत्त्याचा रकाना कोरा. तापाच्या तक्त्यात एक चौकोन सुटला म्हणून मला चार वेळा माघारी पाठवणाऱ्या बाई. 'रकाना कोरा ठेवायचा नाही, माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही,' म्हणणाऱ्या बाई. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली, फॉर्म उलटा केला आणि विचारलं, "धोब्याकडून चादरी आल्या का?"

मी 'आल्या' म्हटलं. आल्या नव्हत्या. बाई, हे आज कबूल करते.

घरी गेले. आमच्या पुढच्या खोलीत एक शोकेस आहे. त्यात माझ्या लग्नातल्या कपबश्या, एकदाही न वापरलेल्या. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कपबश्या कुणासाठी राखल्या होत्यास?"

"पाहुण्यांसाठी."

"मग आले की पाहुणे. दोनशे अठरा. काढ त्या."

रविवारी शोकेस रिकामं केलं. सुताराने आणखी दोन फळ्या बसवल्या. कुलपाला दोन किल्ल्या आहेत, त्यातली एक आत्ता माझ्या पर्समध्ये आहे आणि ती बाईंची आहे.

भाऊसाहेब, तुमची ताई मी पळवून नेत नाही. तुमच्या उजेडाच्या खोलीत त्या सुखाने राहतील. पण खोकं आमच्याकडे उघडायचं, आणि ज्या दिवशी ते येईल त्या दिवशी तुम्ही त्यांना आणून सोडायचं. एवढं तुम्ही कराल. तुमचा चेहरा मला इथून दिसतो आहे.

बाई, तो फॉर्म मी तुमच्या टेबलावरून न विचारता उचलला. तुमच्या कारकिर्दीतली ही पहिली चोरी. हा बघा. पत्त्याचा रकाना मी भरलेला नाही. तो तुमचा आहे. भाऊसाहेबांचा लिहा, माझा लिहा. 'माहीत नाही' मात्र चालणार नाही.

अध्यक्षसाहेब, पाचाची पंधरा मिनिटं झाली, तुम्ही घंटा वाजवली नाहीत, आभारी आहे. आपण इथे बसलो असताना वॉर्ड सांभाळणाऱ्या मुलींचे आभार. भाऊसाहेब, वहिनी, उठून न जाता ऐकलंत, तुमचे सर्वांत जास्त. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वावगा गेला असेल, तर पोटात घाला. शिपायांसाठी जे बोलले त्याची मात्र माफी मागत नाही.

बाई, उत्तराचं भाषण सावकाश करा. मागणीची मुदत उद्या संपते. आधी इकडे या, पेनाचं टोपण मी काढून ठेवलं आहे.