कुलपातला कौल

चाळीस माणसं उभी आहेत, आणि कुणीही बोलत नाही.

पेटीवाले, सूर सोडा. तबलजी, हात मांडीवर ठेवा. ही शांतता आहे तशीच राहू द्या घटकाभर, कारण मंडळी, आजचं आख्यान या शांततेतच सुरू होतं. वैशाखातली सकाळ. मध्ये एक व्हाळ — घोटाभर पाण्याचा, दगडाधोंड्यांतून कशीबशी वाट काढणारा ओढा. अलीकडे चाळीस माणसं. तोंडाला कुणी पंचा बांधलेला, कुणी पदर, कुणी जुन्या धोतराचं फडकं. पलीकडे एकटी बाई. काखेत गाठोडं, हातात सरकारी शिक्क्याचा कागद. आणि त्या पाण्याखेरीज कुणालाच आवाज नाही!

ऐका मंडळी, आणि हा एकच प्रश्न मनाशी धरून ऐका. माणसाला लांब ठेवणं निराळं, माणसाला टाकणं निराळं. मग या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे असते? आणि ती ओलांडताना आपल्या पायांना कळतं का?

नाही कळत! कळलं असतं तर मला इथे उभं राहायचं कारण नव्हतं, आणि तुम्हाला तिथे अवघडून बसायचं नव्हतं.

तर गाव देवसांदे. दक्षिण कोकणातलं, माडांच्या सावलीत अर्धं झाकलेलं. ग्रामदैवत रवळनाथ. या गावाची एक जुनी रीत आहे, तिला म्हणतात गावपळण. काही वर्षांनी एकदा देव कौल देतो, म्हणजे हुकूम देतो म्हणा ना! आणि अख्खं गाव घरंदारं उघडी टाकून वेशीबाहेर पडतं. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळी व्हाळापलीकडच्या मळ्यात. माडाच्या झापांच्या झोपड्या उभ्या राहतात. तीन दिवस गाव मोकळं. चुलीत राख, अंगणात वारा, विहिरीत आभाळ. आणि चौथ्या दिवशी? देवळात बारा मानकरी उभे राहतात, देवाला पुन्हा कौल लावतात. कौल मिळाला तर आत. नाही मिळाला तर मळ्यातच मुक्काम वाढला. कौलाशिवाय त्या मळ्यातून गावात पाऊल ठेवायचं नाही!

किती सुंदर रीत आहे बघा. वर्षानुवर्षं ज्याला आपण ‘माझं’ म्हणतो ते एका शब्दावर सोडून जायचं, आणि बाहेरून आपल्याच घराकडे परक्यासारखं बघायचं. मला वाटतं, एवढं ज्याला जमलं त्याला मरणही फारसं अवघड जाऊ नये.

पण ती महामारी आली ना, तेव्हा या सुंदर रीतीचाच फास झाला. कसा? सांगतो.

शेवंती ही देवसांद्याची लेक. लग्न होऊन मुंबईला गेली. नवरा लवकर गेला. पुढे एका इस्पितळात आया म्हणून लागली. त्या वर्षी ज्या वॉर्डात शिरायला माणसं घाबरत होती, त्या वॉर्डात ही रोज बारा तास. गावात आई एकटी. भागीरथी तिचं नाव, वय बेऐंशी, गावात सगळ्यांत म्हातारी, अंथरुणाला खिळलेली. शेजारची प्रमिला घाडी, गावची आशा सेविका, दोन वेळा येऊन पेज भरवायची. एक दिवस तिचाच फोन गेला, “शेवंतीताय, आवस पेज घेणा नाय. येवन जा.”

पास काढून, भाजीच्या टेंपोतून, दीड दिवसाचा प्रवास करून शेवंती वेशीशी आली. आणि आली तशी थांबली! स्वतःहून! गावकार होते दाजी. गावाचा पहिला मान त्यांचा, सत्तरीचा माणूस, शब्दाला वजन. शेवंतीनं लांबूनच हाक मारली, “दाजीनू, मी रोगाच्या घरातसून इलंय. चवदा दिस माका भायर ठेवा. माझ्यापायी कोणाक काय झाला तर माका झोप लागाची नाय.”

बघा! नियम कुणी लादला? कुणी नाही. जिला रोग ठाऊक होता, तिनं नियम मागून घेतला.

दाजींना भरून आलं. वाईट माणूस नव्हता तो, मंडळी. हे लक्षात ठेवा, नाहीतर आख्यान फुकट जाईल! त्यांनी मुद्दाम चांगली जागा निवडली. व्हाळापलीकडचा मळा. सावली, झऱ्याचं पाणी, नीट बांधलेली झापांची खोपी. रोज व्हाळातल्या एका दगडावर भात-आमटी ठेवली जाई, ठेवणारा मागे सरे, मग शेवंती पुढे येई. चौदा दिवस. तिकडे आई एकेका घोटानं विझत होती, आणि इकडे लेक बोटांवर दिवस मोजत होती. चार शेतांचं अंतर! आईच्या घराची कौलं दिसत होती तिला. धूर निघाला की कळायचं, प्रमिला आली, आई आहे.

पंधराव्या दिवशी प्रमिलानं व्हाळातल्या त्याच दगडापाशी तपासलं, तालुक्याहून कागद आणला. ताप नाही, खोकला नाही. शेवंती गाठोडं घेऊन व्हाळाशी आली.

आणि ती चाळीस माणसं!

आता बोलूया. आधी दाजी बोलले, खाली बघत, “बाये, कौल व्हयो.”

“कसलो कौल?”

“पळणीच्या मळ्यात ऱ्हवलंस मा तू? त्या मळ्यातसून कौलाशिवाय कोण आत येणा नाय. माझ्या बापाशीन पाळला, आज्यान पाळला.”

“बरां. मगे लावा कौल.”

“देवळाक कुलूप आसा गो. सरकारचो हुकूम. बारा मानकरी जमूक व्हये, आणि पाचांच्या वर माणसा जमूची नायत.”

ऐकलंत? देव कुलपात, म्हणून कौल नाही. कौल नाही, म्हणून लेक व्हाळापलीकडे! कुलूप कुणी लावलं? माणसानं. मळा कुणी निवडला? माणसानं, आणि तोही मायेनं! पण अडवणारा म्हणून नाव कुणाचं? रवळनाथाचं! गरीब बिचारा देव. त्याला बोलता येत नाही याचा आपण किती फायदा घेतो!

शेवंती मात्र बोलली. “पाचांच्या वर जमूचा नाय, होय मा दाजीनू? मगे हय चाळीस कशे जमलास?”

हसा, मंडळी! ती माणसंही हसली असती, पण तोंडं बांधलेली होती.

तेवढ्यात नाना तेली पुढे सरले. गावातलं एकुलतं एक दुकान यांचं, आणि गावातली एकुलती एक जीभही बहुधा यांचीच. म्हणाले, “लगीन झालेला चेडू परक्या गावाचा. तिका आमच्या गावात येवची घाई कित्या?”

“परक्या गावाचा चेडू, तर तुमच्या गावचो कौल माका कित्या लागता, नानानू?”

शेवंती तेवढ्यावर थांबली नाही. “आणि तुमी काल मालवणाक जावन साखर घेवन इलास. चवदा दिस नाय, चवदा मिनटा तरी भायर बसलास?”

मागून कुणीतरी म्हणालं, “नानांची साखर कौल घेवन येता!” आणि त्या फडक्यांमागून पहिल्यांदा खसखस ऐकू आली. नाना लालबुंद.

शेवंती दाजींकडे वळली. आवाज खाली आला तिचा. “दाजीनू, देवाक बाजूक ठेवा. तुमका काय झालाहा, ता सांगा.”

पुन्हा शांतता. पण मघाची नव्हे. मघाची शांतता भिंतीसारखी होती. ही विहिरीसारखी, आत काहीतरी खोल असलेली. म्हातारा म्हणाला, “माझ्या घरात वीस दिसांची नात आसा. माका भिती वाटता गो.”

मंडळी, चाळीस माणसांत खरं बोललेलं हे पहिलं वाक्य.

शेवंती म्हणाली, “मगे भिती म्हणा. भितीक मी वळाखतंय, रोज तिच्या उशाक बसतंय. तुमची भिती जायसर मी आणिकय चवदा दिस हय ऱ्हवान. पण माझे आवशीकडे चवदा दिस नायत. पळणीत पयली डोली गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची भायर पडता, ही रीत आसा मा? माझे आवशीक डोलीत घाला आणि हय हाडून द्या. मी आत येणा नाय. तिका भायर येवक देवा.”

केवढा निश्चय! नियम तोडायचा नाही, आणि आईही सोडायची नाही. जी रीत तिला अडवत होती, तिच्यातूनच तिनं दार काढलं.

पण डोली उचलणार कोण? पहिल्या डोलीचा पुढचा खांदा गावकाराच्या घराचा मान. सगळ्यांचे डोळे दाजींकडे. दाजींचे डोळे पाण्याकडे. पाय हलेनात. प्रमिला म्हणाली, “फुडे मी आसंय. मागे कोण?”

कोण? सांगा की! तुमच्यातून कोण आलं असतं?

नाना तेली आले! पंचा घट्ट बांधत, कुणाकडे न बघता म्हणाले, “मी धरतंय. मी मालवणाक जावन तसोय बाटलेलो आसंय.”

म्हातारीचं वजन ते काय! वाळक्या पानांची मोळी. बांबूला बांधलेल्या गोधडीत तिला बसवली आणि दोघं निघाली, गावाच्या मधल्या रस्त्यानं, उघड्या दारांसमोरून. व्हाळात उतरले, पलीकडे चढले, खोपीच्या दारात डोली टेकली. आईनं लेकीचा फडकं बांधलेला चेहरा न्याहाळला आणि म्हणाली, “शेवंते, पळण झाली गो?”

“झाली, आये.”

“कोंबडी हाडलंस?”

बेऐंशी वर्षांची माउली! मरायला टेकलेली, पण कोंबड्यांची काळजी सुटली नव्हती.

इकडे नाना घाम पुसत परत निघाले आणि व्हाळाशी येऊन दचकले. आपणही आता मळ्यातले! कौलाशिवाय आत कसं जायचं? अलीकडून कुणी अडवलं नाही, पण कुणी ‘या’ही म्हणालं नाही. नाना ताठ झाले. “बरां! मीय हय ऱ्हवतंय. कौल गावलो की येयन.” प्रमिलानंही पिशवी खाली ठेवली.

आणि मंडळी, दुकान बंद पडलं! दुसऱ्या दिवशी नानांची बायको किल्ली मागायला आली. किल्ली काही मिळाली नाही, आणि व्हाळ ओलांडून तीही मळ्यातलीच झालेली; ती नवऱ्याजवळच थांबली. तिसऱ्या दिवशी मीठ मागायला दोघं आले, भागीरथीला पाहून मागेच फिरले नाहीत. मानकरीसुद्धा आले. अंतर राखून, फडकी बांधून, एका खोपीपासून दुसरी दहा हात लांब. रोगाचे सगळे नियम पाळून मळा भरत गेला. गावाला वाटलं होतं आपण एका बाईला बाहेर ठेवलंय. बघता बघता गावच बाहेर आलं! अलीकडे राहिले दाजी आणि त्यांचं घर, बाकी गावभर उघडी दारं.

पाचव्या दिवशी भागीरथी गेली. लेकीच्या मांडीवर. शेवटी पेजेचे दोन घोट घेतले तिनं. त्या वर्षी किती जणांची माणसं काचेपलीकडे गेली, नाव पुकारल्यावर नुसती पिशवी हातात आली! त्यांना विचारा, दोन घोटांची किंमत काय असते ते. चिता मळ्याच्या कडेला रचली. खांद्याला नाना, मानकरी, प्रमिलासुद्धा. दाजी व्हाळाच्या अलीकडे उभे होते, हात जोडून, धूर विरेपर्यंत.

आता मी तुमच्याकडे वळतो. चुळबुळू नका!

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या वर्षी बांबू बांधला होता. बांधलात ते योग्यच केलंत. रोगापुढे शहाणपण हवंच. पण मुदत संपली त्या दिवशी बांबू सोडलात का? संध्याकाळी गॅलरीत उभं राहून थाळी वाजवलीत, आणि सकाळी कामावरून परतलेल्या नर्सबाईंना जिन्यात बघून दार ओढून घेतलंत. तेव्हा कुणाचं नाव पुढे केलंत? सोसायटीच्या नियमाचं? घरातल्या म्हाताऱ्यांचं? ‘माका भिती वाटता’ एवढं सरळ का नाही म्हणालात? भीती सांगितली असती तर समोरच्यानं समजून घेतलं असतं. नियमाआड लपलात, आणि समोरचा एकटा पडला.

मी सुटलो असं समजू नका. हे पेटीवाले बसलेत ना, तीन आठवडे आजारी होते त्या वर्षी. बरे होऊन माझ्या दारी आले, कागद दाखवत. मी खिडकीतून बोललो. अर्धा तास! बावीस वर्षं साथ करणारा माणूस उन्हात उभा, आणि मी गजांच्या आतून त्याला धीर देतोय! दार उघडलं नाही. खरं ना हो? बघा, मान खाली घालून हसताहेत. आजतागायत त्यांनी मला याचा जाब विचारलेला नाही; आणि मंडळी, न विचारलेला जाब फार जड असतो.

म्हणून हात जोडून सांगतो. अशी वेळ पुन्हा आली, तर अंतर राखा, तोंड बांधा, मुदत पाळा, सगळं करा! पण ज्याला पलीकडे ठेवलंत त्याला आत घ्यायचा दिवस आजच ठरवा. आणि तो दिवस उजाडला की पहिलं पाऊल तुमचं पडू द्या.

कारण उशिरा पडलेल्या पावलाचं काय होतं, तेवढंच सांगायचं राहिलंय.

अस्थी गोळा झाल्यावर दाजी व्हाळात उतरले. कौल नाही, मानकरी नाहीत, देऊळ अजून बंदच. तसेच पाण्यातून चालत मळ्यात आले. खोपीसमोर शेवंती गाठोडं बांधत होती. इस्पितळातून निरोप आला होता, माणसं कमी पडताहेत. दाजी तिच्यासमोर उभे राहिले. ओल्या धोतरातून पाणी गळत होतं.

“बाये, माझी चूक झाली,” ते म्हणाले. “चल घराक. कौलाचा मी बघतंय. मी गावकार म्हणान सांगणय नाय, बापाशीसारखो सांगतंय. चल.”

शेवंतीनं गाठ आवळली. गाठोडं डोक्यावर घेतलं. म्हाताऱ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, मायेनंही नाही, दिवसभर राबलेलं माणूस उताराच्या वाटेकडे बघतं तसं.

“परत येशीत मा गो?” दाजी म्हणाले. “शेवंते, परत येशीत मा?”

तिनं तोंडावरचं फडकं नीट केलं, आणि गावाला वळसा घालून, वरच्या अंगाच्या रस्त्यानं मुंबईच्या दिशेला चालू लागली.