गच्चीवरचं तळं

...आणि वर आमची बायको मलाच म्हणते, "तुमची जीभच काळी!" अहो, तुम्हाला सांगतो, सपाट गच्ची ही सपाट बांधायचीच नसते! किंचित ढाळ लागतो, पाणी पन्हळीकडे जायला. मी तबेल्यात घोडी धुण्यात जन्म काढलाय, पाणी कुठं तुंबतं ते माझ्या टाचांना विचारा! पण आमच्या बायकोला, तुळजाबाईंना, सदाशिव पेठेत कुणाची नसेल अशी गच्ची हवी, पापड वाळवायला. "अहो, वर पोळपाट ठेवला तर घरंगळता कामा नये!" आणि तो सर्जेराव गवंडी... "आईसाहेब, आरसा करून देतो, आरसा!"

केला की आरसा! भादव्यात झड लागली आणि आरशात ढग दिसायला लागले. ढाळ म्हटलं होतं, ढाळ! ऐकतंय कोण?

बरं, पाणी तुंबलं की तुळया वाकणार, वाकल्या की मध्ये खड्डा, खड्ड्यात आणखी पाणी, की आणखी वाकणार... आणि माझी बाज बरोब्बर त्याच्याखाली! सर्जेरावानं तुळयांना टेकू दिले, वर म्हणतो, "बाबा, टेकूला पाय लावून झोपू नका."

"मग काय तुझ्या डोक्यावर झोपू?"

कठडा फोडून पाणी सोडायला पहार उचलली, तोच शेजारची सोजरबाई गणपती घेऊन दारात! "मुठेला पूर आलाय हो, घाटावर जाववत नाही. तुमच्याकडं तळं आहे म्हणे?"

आमची म्हणाली, "या की!"

या की? अहो, खाली मी राहतो! पण ऐकतंय कोण? अख्खी आळी आली! वर झांजा, फुगड्या, मोरया, मोरया. खाली मी दोन्ही हातांनी टेकू धरून उभा. कुणी तरी तोंडात खिरापत कोंबली, तेव्हा मीही ओरडलो, "मोरया!" नाही कशाला म्हणू, मजा आली... पण टेकू सोडला नाही.

आणि मग काय झालं? आळीभरच्या बाप्पांची माती खड्ड्यात बसली, खड्डा भरला, पाणी आपसूक पन्हळीतून धो धो! सर्जेराव छाती काढून म्हणतो, "दिला की नाही ढाळ?"

"तू दिलास? बाप्पांनी दिला, बाप्पांनी!"

चैत्रात पापडांची परात घेऊन मी जिना चढतोय, तर मागून आमची ओरडली, "खबरदार! बाप्पांची माती आहे वर, देवावर पाय देता?"

झालं! पेठेतली सगळ्यात पक्की गच्ची आमची, आणि वर जातात फक्त कावळे. पापड? माझ्या बाजेवर वाळतात. बाजेला म्हणे ढाळ नाही!