डोळे मिटून पिशोरला

नाय, डोळे नाय मिटायची मी. तुमी बोला, मी उघड्या डोळ्यांनी ऐकते — राग नका मानू मॅडम, पर खरं सांगा, बाहेर बाकड्यावर बसलंय ना माझं लेकरू, शिवराज, त्यानंच पढवलं ना तुमाला? व्हय? मंग बीपीची गोळी द्यायची सोडून हे काय — आवडत्या जागी मनातल्या मनात जाऊन बसा म्हणं! अहो, आमच्या गावाला, पिशोरला जायला एसटी हाय की. बसू देतो का त्यो? "माय, आता इथंच राहा, फ्लॅट हाय, लिफ्ट हाय" — लिफ्टचं काय लोणचं घालू?

पिशवी मांडीवरच राहू द्या. हां. मिटले, घ्या. जागा? गोठा. हसू नका, गोठाच — घरामागं, पत्र्यावर दोडक्याचा येल चढलेला — अगं बाई, कडब्याचा वास येतोय की खरंच! अन् खुंट्याला माझी चांदरी. म्हैस हो, कपाळावर पांढरा ठिपका. माझ्याबिगर कुणाला धार काढू देत नाय, लाथ घालती. मी इकडं आल्यापासून शेजारची मालनबाई तिला बघती, ती तेवढी चालती तिला कशीबशी. रोज सांजच्याला फोन लावते, मालनबाई फोन धरती चांदरीच्या कानाला, मी म्हणते, "चांदरे, खाल्लं का गं?" — की लागलीच रेकायला! सून हसती माझी. हसू दे.

आवाज? आवाज कसला येतोय म्हंता? थांबा... नाय येत. रेकत नाय ती. परवा मालनबाई म्हणली, पाण्यावर गेलीय. काल म्हणली, बसलीय, नको उठवू. अन् आधी विचारती काय, तर "शिवराज जवळ हाय का?" — कामून विचारावं तिनं असं? रविवारी हा एकटाच गेल्ता पिशोरला, हिरीवरची मोटर बघायला म्हणून. येताना माझी चरवी घेऊन आला. धारेची चरवी, पितळंची! "शोकेसमधी ठेवू माय, छान दिसती." मी बी येडी, घासून दिली त्याला चिंचेनं. अहो, म्हैस गोठ्यात असंल तर चरवी कोण हलवतं घरातून?

खुंटा मोकळा दिसतोय मॅडम. दावं बी नाय.

इकली त्यानं. मला न इचारता इकली. आता म्हणंल, गावाकडं काय राहिलंय तुझं, माय...

तुमाला ठावं होतं? बोला की. खाली कामून बघता? — म्हणून व्हय हे डोळे मिटायचं, आधी म्हातारीला गार करायचं अन् मंग सांगायचं!

नाय, त्याला आत नका बोलावू. त्याचं त्वांड नाय बघायचं मला आत्ता. पाणी बी नको. तुमी पण जा, दार वढून घ्या. मी मिटते माझे डोळे. जरा तिच्यापाशी बसते.