आपांच्या नावाने पंगत नको

मंडळींनो, मायबहिणींनो,

तुम्ही आलात. वरच्या वाडीचे आलात, खालच्या वाडीचे आलात, खाडीपलीकडूनही काही जण आलात. मला शाळेत रोज मुलांसमोर उभं राहून बोलायची सवय आहे. आज मात्र समोर अख्खा गाव आहे. सभा अंगणात घेतली म्हणून कुणी नाराज होऊ नका. शाळेच्या खोल्या आज रिकाम्या नाहीत, हे तुम्ही सगळे जाणता.

आपा गेले. आपल्या देवळाचे मानकरी, गाऱ्हाणं घालायचा मान ज्यांच्या घराण्याकडे, ते आपा. मी या गावात मास्तरीण म्हणून आले तेव्हा एकट्या बाईला भाड्याने खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. आपांनी आपली पडवी मला दिली. तेव्हापासून मी त्यांच्या घरचीच. म्हणून आपांच्या पत्नीने, आपल्या काकींनी सांगितलं, बाई, तुम्हीच बोला. आणि एक निरोपही दिला आहे. तो शेवटी सांगते. आधी आपांनी काय केलं ते मला सांगू द्या. तुमच्यापैकी पुष्कळांना अर्धंच माहीत आहे.

वैशाखात विहिरी तळाला गेल्या होत्या. मुंबईहून बोटीने चाकरमानी आले होते. घराघरांत माणसं मावत नव्हती. आणि खालच्या वाडीत पार्वतीची मुलगी जुलाब-उलट्यांनी गेली. सकाळी अंगणात खेळत होती. दिवस मावळायच्या आत गेली. पार्वती तिला हाका मारत राहिली, आणि पोरीचे डोळे आत आत जात राहिले. मी तिथे होते. आपा तिथे होते.

मालवणहून डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, ही पटकी आहे, कॉलरा. विहिरीत लाल औषध टाका. पाणी उकळून प्या. शिळं, उघड्यावरचं खाऊ नका. सगळ्यांनी टोचून घ्या. आणि ही साथ ओसरेपर्यंत एकत्र जेवणं बंद ठेवा.

एकत्र जेवणं बंद! आणि देवळाचं वार्षिक तोंडावर. गावजेवणाचे वाटाणे निवडून झालेले. चाकरमानी त्यासाठीच तर आलेले. आपा सबंध दिवस ओटीवर बसून होते. पानाला हात लावला नाही, सुपारीला हात लावला नाही. काकींनी विचारलं, "काय झाला ओ?" ते म्हणाले, "माका देवासमोर उभा ऱ्हवाचा आसा. आणि लोकांसमोर. देवाचा भय नाय माका."

मंडळींनो, तो दिवस आठवा. तुम्ही सगळे देवळात होता. आपांनी श्रीफळ ठेवलं, हात जोडले, आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. गावात पीडा इली आसा. औंदा तुझ्या नावान गावजेवाण घालूचा नाय, असो इचार केलो आसा. काय चुकला-माकला तर माझ्या माथ्यार घाल. पोरांच्या माथ्यार नको रे म्हाराजा."

आणि आपण काय केलं? गाऱ्हाणं झालं की सगळा गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" आजवर असं कधी झालं नाही की कुणी म्हटलं नाही. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. पुरुष खाली बघत होते. आपा हात जोडून वाट बघत होते. त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला मागून दिसत होता. मग बाहेरच्या खांबापाशी बसलेली पार्वती, मुलीच्या दुःखातून अजून न उठलेली पार्वती, तिथून म्हणाली, "व्हय म्हाराजा." बाईमाणसाने असं म्हणायची रीत नाही. ती म्हणाली. एकटी म्हणाली.

दाजी, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हीही मानकरी. तुमच्याकडे बोट दाखवायला मी उभी राहिलेले नाही. तुमच्या घरावर जे आलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण जे झालं ते झालं असंच सांगितलं पाहिजे. तुम्ही तेव्हा देवळाच्या पायरीवर आपांना विचारलंत, "देवाचा जेवाण बंद? तुझ्या बापाशीन केल्यान काय कधी असा?"

आपा म्हणाले, "नाय केल्यान. म्हणान माझी दोन भावंडां एका आठवड्यात गेली. बापूस मरेसर म्हणत होतो, देवान नेली. माका तसा म्हणाक जमाचा नाय, दाजी."

मग वरच्या वाडीने वेगळं जेवण घातलं. दाजींच्या खळ्यात. मन मोडलेली माणसं होती, चाकरमान्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, देवाला उपाशी कसं ठेवायचं, हाच विचार. वाईट हेतू कुणाचा नव्हता. त्याआधी आपांनी वाडीत जाऊन घराघरात हात जोडले. काहींनी दार लोटून घेतलं. काही म्हणाले, मानकरीपणाची मस्ती चढली. ते परत आले आणि काकींना म्हणाले, "पाणी तरी उकळून घेवा म्हणान सांगलंय. हसले माका."

जेवण गरम होतं, मंडळींनो. भात वाफाळता, वाटाण्यांचं सांबार रटरटत होतं. त्याने कुणाला काही झालं नसतं. पण सोलकढी! उन्हाळ्याचे दिवस, थंडगार सोलकढी. नारळाचा रस काढायला पाणी घेतलं ते व्हाळाकाठच्या, ओढ्यालगतच्या विहिरीतलं, कच्चं. आणि त्या विहिरीच्या वरच्या अंगाला, आजाऱ्याची घाण लागलेली चादर कुणीतरी धुतलेली. डॉक्टरांनी नंतर घरोघरी विचारून शोधून काढलं. ज्यांनी सोलकढी घेतली नाही ते बहुतेक बचावले. पोरांनी वाट्यावर वाट्या मागून घेतल्या होत्या. लाल लाल ओठ करून नाचत होती पोरं.

पुढे काय झालं ते मी काय सांगू? तुमच्याच घरात झालं. तुमच्याच अंगणात झालं.

खालच्या वाडीत काही जण म्हणाले, भोगूदेत आता. आपांच्या कानावर गेलं. मी त्यांना रागावलेलं फार थोडं पाहिलं आहे. त्या दिवशी पाहिलं. "जेवाण तेंनी घातल्यानी," ते ओरडले, "पण पोरां खंयची? पोरां आपलीच मां?" आणि कासोटा मारून वरच्या वाडीकडे चालू लागले.

शाळा त्यांनी उघडायला लावली. बाकं बाहेर काढली, खाली माडाच्या झापा टाकल्या. पावसाळ्यासाठी अंगणात रचून ठेवलेली आपल्या घरची सगळी लाकडं त्यांनी गाडीत घालून शाळेत आणली. चुलीवर सतत पाणी उकळत ठेवलं. काकी म्हणाल्या, पावसात चूल कशी पेटवायची? ते म्हणाले, "पावसात बघूया. पावसापर्यंत माणसां ऱ्हवाक होयी."

डॉक्टरांच्या जवळ शिरेतून द्यायच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. त्या संपल्या. मालवणात संपल्या, रत्नागिरीहून येणार होत्या, आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, ज्याला गिळता येतं त्याला पाजत राहा. थांबू नका. ओकला तरी पाजा. मग पेजेची निवळ, त्यात मीठ. शहाळ्याचं पाणी. चमचा चमचा. आपांनी माडावर माणसं चढवली. स्वतः उशाशी बसले. दाजींची सून आमच्या हातातून निसटली. तिच्या ओठाला चमचा लावला तरी पाणी गालावरून खाली येत होतं. पण तिची मुलगी, कुसुम, ती वाचली. ती वाचली, कारण आपांनी तिला सोडलं नाही. ती तोंड फिरवायची, ते म्हणायचे, "एकच घोट गो बाय. ह्यो तुझ्या आजयेचो. आता ह्यो माझो." असं करत करत सगळं गाव तिच्या पोटात घातलं त्यांनी.

दाजी, रडा. रडायला लाज कसली?

लोक मला विचारतात, एवढं जपणाऱ्या माणसाला कसं झालं? मला ठाऊक नाही. साबण होता, राख होती, उकळलेलं पाणी होतं, ते स्वतः सगळ्यांना हात धुवायला लावायचे. टोचूनही घेतलं होतं. तरी झालं. कुठे, कुणाच्या अंथरुणापाशी, कुठल्या क्षणी, कसं सांगणार? थकलेला माणूस कुठेतरी चुकतो. एवढंच मला कळतं.

सकाळी त्यांना उलटी झाली. मी पाठीवरून हात फिरवला, तर म्हणाले, "बाईनू, तुमी हात धुवा. माका हात लावलास." त्या अवस्थेतही! डॉक्टर पलीकडच्या गावी गेले होते. तिथेही लागण झाली होती. आम्ही आपांना होडीत घातलं, मालवणला न्यायला. भर दुपार. ओहोटी लागलेली. खाडीच्या मधोमध होडी गाळात रुतली. माणसं खाली उतरली, कमरेएवढ्या चिखलात, होडी ढकलू लागली. हलेना. काकींच्या मांडीवर त्यांचं डोकं. मी शहाळं धरलं होतं. घोट आत जात नव्हता. काकी म्हणत होत्या, "गिळा ओ. दुसऱ्यांका पाजलात मां इतक्या? एक घोट गिळा." त्यांनी डोळे उघडले. काकींकडे बघितलं. होडी हलली तेव्हा ते नव्हते.

पाण्याने माणूस वाचतो आणि पाण्यानेच जातो. आपल्या चारी बाजूंना पाणी, आणि एका माणसाच्या घशाखाली एक घोट आम्हाला उतरवता आला नाही. देश स्वतंत्र झाला, गावात शाळा आली, मालवणापर्यंत मोटार आली. आणि माणसं मरतात कशाने? तर विहिरीला कठडा नाही म्हणून! कशाने? तर पाणी उकळलं नाही म्हणून! मला हे सहन होत नाही. आवाज चढला असेल तर माफ करा. मला खरंच सहन होत नाही.

आता काकींचा निरोप.

आपांचं बारावं जवळ आलं. गावात बोलणं चाललं आहे की एवढ्या मोठ्या माणसाचं बारावं मोठं झालं पाहिजे. दोन्ही वाड्यांनी मिळून करायचं, दाजीही हातभार लावणार. प्रेमाने बोलता आहात, मला कळतं. काकी सुतकात घरी बसून आहेत. त्यांनी दाराआडून मला जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगते. त्या म्हणाल्या, "बाई, लोकांका सांगा. बाराव्याक माझ्या घराक कोणी जेवूक येव नको. जेंनी जेवाण थांबवल्यानी, तेंच्याच नावान मी पंगत बसवू काय? आणि परत कोणाचो झील, कोणाचा चेडू माझ्या पानावरसून उठान मराक होया? पिंडाक कावळो नाय शिवलो तरी चलात. माका बोल लावा. पण येव नकात."

कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी मरू नये म्हणून ही बाई नवऱ्याच्या नावाचं जेवण नाकारते आहे. तिला कोण काय म्हणेल ते सगळं अंगावर घेऊन नाकारते आहे. मंडळींनो, तिला एकटी पाडणार आहात का?

कालही वरच्या वाडीत एका घराला लागण झाली. मिरग तोंडावर आहे. पाऊस आला की डोंगरउतारावरची सगळी घाण व्हाळातून विहिरीत उतरेल. त्याआधी विहिरीभोवती दगडांचा कठडा चढला पाहिजे, वर झाकण पाहिजे, लाल औषध पाहिजे. नाही झालं तर पुढची शोकसभा कुणाची, हे मला विचारू नका. मी भाषण करणार नाही. माझ्याने होणार नाही.

आता उठा. सगळे उभे राहा. म्हातारी माणसं बसली तरी चालतील. फुलं नाहीत, आणि तसबीर म्हणाल तर आपांनी उभ्या आयुष्यात एकही काढून घेतली नाही. डोळे मिटा आणि आपापल्या घरातलं गेलेलं माणूस आठवा, पार्वतीची मुलगी आठवा, दाजींची सून आठवा, आणि आपांना आठवा. मी सांगेपर्यंत शांत राहूया.

आपा, तुम्ही गेलात. साथ अजून इथेच आहे. आमचा नमस्कार घ्या.