जयवंतीची वीट

डहाणूला तलासरीच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. रिकामी पाटी घेतलेली चिखल्याची दक्षा मासेवाली आणि मिरचीची रोपं घेतलेली झरीची जयवंती. दक्षाच आधी बोलली.

"एवढी रोपं कुठे लावणार गं?"

"गावाच्या बागेत. शाळेमागे विटांचा वाफा बांधलाय, गुडघ्याएवढा उंच. काठावर बसून निंदता येतं."

"विटा कुणी थापल्या?"

"मीच! वीस वर्षं वीटभट्टीवर थापल्या. ट्रक भरून जायच्या. कुणाच्या भिंतीत बसल्या, एकदा बघितलं नाही."

"आणि बांधला कुणी?"

"सुदाम गवंड्याने. शेवटच्या थराला थांबला नि थापी माझ्या हातात दिली. म्हणाला, आत्या, ही शेवटची तू लाव."

"लावलीस?"

"लावली. वाकडी बसली."

"मग सरळ नाही केली त्याने?"

"मी म्हटलं, कर. तर म्हणतो, राहू दे, तुझी ओळखू येते. देव त्याचं भलं करो, बाई."

"पाणी रोज तूच घालतेस?"

"माझी पाळी सोमवारची. पण जाते रोज."

"ते कशाला?"

"त्या वाकड्या विटेवर बसायला."