आर्डिसच्या नावाचा मेंढा

आर्डिस: हॅल्वरकाका, हा बंदुकीचा दस्ता माझ्या मापाचा असेल तर माझे हात गुडघ्यापर्यंत पोचायला हवेत. चापापर्यंत बोटच जात नाहीये.

हॅल्वर: मागणीच्या पत्रकात सव्वाचौदा इंच आहे. चापापासून खांद्यापर्यंत.

आर्डिस: कुणी लिहिलं?

हॅल्वर: वर नाव तुझं, खाली अक्षर तुझ्या नवऱ्याचं. म्हणून तर काल फोन केला, की एकदा येऊन लाकडी साचा खांद्याला लावून जा. आज दुपारी नळीत काडतुसाचं घर कापायला घेतोय. एकदा कापलं की बुजवता येत नाही.

लायल: अंदाजे लिहिलं होतं, मिस्त्री. त्यात एवढं काय?

हॅल्वर: अंदाजाने माणूस चौदा लिहितो. सव्वाचौदा लिहायला टेप लागते. धर बघू तू.

लायल: मी कशाला?

आर्डिस: धर ना.

(लायल साचा खांद्याला लावतो. साचा असा बसतो, जणू दोघे एकाच दिवशी जन्मले.)

आर्डिस: वा! लग्नातला सूटसुद्धा इतका नीट बसला नव्हता तुला.

लायल: तुझ्यासाठी कापू की थोडा. काका कापतील. इंचभराचा प्रश्न आहे.

आर्डिस: आणि काडतूस आत सरकवायचा हा बोल्ट? उजव्या बाजूला का आहे?

लायल: बंदुकांना उजवीकडेच असतो.

आर्डिस: मी डावखुरी आहे, लायल.

लायल: हां... ते विसरलो.

आर्डिस: विसरलास? सव्वीस वर्षं मी तुझ्या उजव्या हाताला जेवायला बसते. रोज आपली कोपरं आपटतात. तुला काय वाटत होतं, मी मुद्दाम ढोसते?

लायल: हो. आणि मी एकदा तरी तक्रार केली का?

हॅल्वर: पुढचं वाचू? नळी सव्वीस इंच. काडतूस तीनशे मॅग्नम. नळीच्या तोंडावर धक्का कमी करणारी जाळी. सगळं मिळून वजन साडेसहा पौंड.

आर्डिस: साडेसहा पौंडांत मॅग्नम? घोड्याची लाथ परवडली.

लायल: म्हणून तर जाळी लावलीये.

हॅल्वर: जाळीने खांदा वाचतो आणि कान जातात. गोळी दोनशे पंधरा ग्रेन वजनाची, पातळ कवचाची.

लायल: हवा कापत जाते ती. हजार यार्डांवरून मारणारे लोक आहेत. मी रोज बघतो.

हॅल्वर: कुठे?

लायल: फोनवर.

हॅल्वर: फोनवर ते कागदावर मारतात. कागदाला खांद्याचं हाड नसतं. जवळून हाडावर बसली की ही गोळी बाहेरच फुटते, डोंगरातला रानमेंढा तीन पायांवर कड्यावरून उतरतो, आणि मग तू बर्फात तीन दिवस त्याची माफी मागत हिंडतोस. आर्डिस, सगळ्यात लांबून किती अंतरावरून मारलंयस?

आर्डिस: दोनशे चाळीस यार्ड. तो एल्क, सांबराएवढा.

लायल: तेव्हा मीच म्हणालो होतो, साडेपाचशेवरून मार, उगाच रांगत जाऊ नकोस.

आर्डिस: जवळ जाता येत होतं, मग गेले. पोटावर, दीड तास. एका गोळीत पडला. संध्याकाळी खानावळीत तू काय सांगितलंस? ‘आम्ही मारला.’ मारताना मी होते, लायल. सांगताना ते ‘आम्ही’ झालं. तू तेव्हा खाली गाडीत सँडविच खात होतास.

लायल: गुडघा दुखत होता!

आर्डिस: मग या गुडघ्याने मेंढ्याच्या कड्यावर कोण चढणार आहे?

लायल: हळूहळू चढीन की मी.

हॅल्वर: हं.

आर्डिस: काय म्हणालास, लायल?

लायल: म्हणजे... तुझ्याबरोबर चढीन.

आर्डिस: माप तुझं. हात तुझा. बोल्ट तुझ्या बाजूला. नेम धरायची काच तुझ्या उजव्या डोळ्यासमोर. लायल, त्या कड्यावर चाप कोण ओढणार होतं?

लायल: वेळ येईल तेव्हा बघितलं असतं.

आर्डिस: अकरा आठवडे स्वयंपाकघरात बसून रोज मला सांगत होतास, ‘तुझी बंदूक येतेय, आर्डी, तुझी बंदूक येतेय.’ मी शेजारणीला सांगितलं! तिने केक केला माझ्यासाठी!

लायल: मी पण खाल्ला की तो.

आर्डिस: तोंड बंद ठेव!

हॅल्वर: मेंढ्याच्या शिकारीचा परवाना तिच्या नावाचा आहे, लायल. त्यावर तू मारलास तर शिकार खात्याचा माणूस मेंढा नेईल, बंदूक नेईल, आणि पुढची कितीतरी वर्षं तुम्हाला दोघांनाही उंदीर मारायचीही परवानगी देणार नाही.

लायल: त्या कड्यावर कोण बघायला येतंय?

हॅल्वर: तिथे कोणी नसेल. इथे मी आहे. पत्रक माझ्या दुकानात आहे.

लायल: झालं दोघांचं? मग माझं ऐका. बावीस वर्षं! बावीस वर्षं परवान्याच्या सोडतीचे दोन-दोन अर्ज मी भरतोय, एक माझ्या नावाचा, एक हिच्या. सगळेच भरतात बायकोच्या नावाचा, म्हणजे चिठ्ठ्या दोन होतात. हिला अर्जाची तारीखही माहीत नसायची. हिने नुसती सही केली. आणि निघाली कोणाची चिठ्ठी? सही करणारीची! माझं नाव एकदाही नाही. मला आता त्रेसष्टावं लागेल. गुडघा पायरीवर कडकड वाजतो. पुढच्या वेळेला मी चढू शकेन असं वाटतं तुम्हाला? हा माझा मेंढा होता. मनातल्या मनात बावीस वर्षं माझाच होता.

आर्डिस: मग हे मला का नाही सांगितलंस?

लायल: सांगितलं असतं तर?

आर्डिस: तर नाहीच म्हटलं असतं. पण तोंडावर म्हटलं असतं. तू मला माझ्याच शिकारीला डबा वाहायला नेणार होतास, आणि वर ही बंदूक मला भेट म्हणून देणार होतास!

लायल: तुला कुठे एवढी हौस आहे मेंढ्याची?

आर्डिस: विचारलंस? एकदा? चिठ्ठी निघाल्यापासून मी रोज पहाटे पाठीवर चाळीस पौंडांची मिठाची पिशवी घेऊन टेकडी चढतेय. तुला वाटलं गुरांना मीठ घालायला जाते.

लायल: मग गुरांना कोण घालत होतं?

आर्डिस: मीच! तीच पिशवी!

हॅल्वर: भांडण बाहेर गाडीत पुरं करा, माझी यंत्रं तापतायत. मी काय ते सांगतो. ही बंदूक या पत्रकाप्रमाणे मी बनवत नाही. लायल, तुझ्या नावाचा परवाना निघेल तेव्हा ये, तुझी बनवीन.

आर्डिस: म्हणजे माझी आता होणार नाही? मोसमाला पाच आठवडे राहिलेत.

हॅल्वर: फळीवर एक डावखुरा सांगाडा पडलाय, बोल्ट बसतो तो भाग. बिलिंग्स शहरातल्या एका दंतवैद्याने मागवला होता, मग त्याने बंदुकीऐवजी होडी घेतली. तो आखूड आहे, मॅग्नम त्यात मावायचं नाही.

आर्डिस: काय मावेल?

हॅल्वर: थ्री-ओ-एटचं लहान काडतूस. नळीचं भोक तेच, म्हणून हीच नळी चालेल, नुसतं घर लहान कापायचं. धक्का इतका कमी, की डोळे न मिटता मारशील. तीनशे यार्डांच्या आत मेंढ्याला पुरून उरतं.

आर्डिस: मी अडीचशेच्या आत जाईन. गोळी?

हॅल्वर: दीडशे ग्रेन, अख्ख्या तांब्याची. हाडावर बसली तरी उमलते, पण फुटत नाही. आणि नळी बावीस इंच. दगडांत अडकत नाही.

लायल: चार इंच कापून टाकणार? चांगली नळी!

हॅल्वर: तुकडा तुला देतो. घरी ने.

आर्डिस: काका, वजन साडेसहा नको. सात करा. हात हलायला नको. आणि ती जाळी काढा, मला मेंढ्याचे खूर ऐकू यायला हवेत.

हॅल्वर: हे तुझ्या बापाने सांगितलं असतं तसं सांगितलंस. लायल, नवं पत्रक घे. पेन्सिल तिथे आहे. फॉर्म भरायची सवय आहे तुला.

लायल: मी नाही भरत.

आर्डिस: भर. नाहीतर दुर्बिणीतून मेंढा हेरायलाही तुझ्याऐवजी दुसरं माणूस बघते. शेजारीण तयार आहे, आणि तिचे गुडघे चांगले आहेत.

लायल: ...दस्ता?

हॅल्वर: पावणेतेरा. टेप लावलीये मी. बोल्ट डावा.

लायल: डावा. काडतूस थ्री-ओ-एट. गोळी... दीडशे?

आर्डिस: तांब्याची.

लायल: तांब्याची. शिकाऱ्याचं नाव.

आर्डिस: थांबलास का?

लायल: थांबलो कुठे? तू अशी उजव्या हाताला चिकटून उभी आहेस. कोपर सरकव जरा, लिहिता येत नाहीये.

आर्डिस: लिही तसंच.